साळवेबाईंचे पाच डबे

एस्तेर साळवे कुणाच्याही घरी गेल्या की आधी उंबऱ्याबाहेर बसत, बूट काढून उलटे करत आणि तळाच्या खाचांतली माती दातांच्या जुन्या ब्रशने वर्तमानपत्रावर झाडत. मग त्या कागदाची पुडी बांधून स्वतःच्या पिशवीत ठेवत. यजमानाने संकोचून "असू द्या हो बाई" म्हटले, तर उत्तर ठरलेले असे : "माती माझी, घर तुमचं. दोघांची ओळख करून द्यायचं काही कारण नाही."

नगर जिल्ह्यातल्या एका ख्रिस्ती शिक्षकाच्या त्या कन्या. परदेशातून येणारी रोपे, फळे आणि बिया तपासून रोगट माल अडवण्याच्या सरकारी कामात, दिल्लीच्या विमानतळावर, त्यांचे सारे आयुष्य गेले. लग्न केले नाही. निवृत्तीनंतर मुनिरकात, विद्यार्थ्यांच्या खोल्यांच्या गर्दीत, तिसऱ्या मजल्यावर राहत.

आमची ओळख माझ्या तक्रारीमुळे झाली. मी सरकारी विधी विभागातून निवृत्त झालो असलो, तरी या शहरात जे जे बेकायदा दिसते त्याविरुद्ध पत्र लिहिणे हे अजूनही कर्तव्य मानतो. मी सकाळी फिरतो त्या अरवलीच्या रानात, खडकाच्या कपारीत, एक बंद डबा सापडला. ज्या शहरात बेवारस वस्तूला हात लावू नका म्हणून दिवसभर बजावले जाते, तिथे सरकारी रानात डबे लपवायचे? संतापाच्या भरात मी तो उघडला. म्हणजे ती सूचना मीही मोडली, हे इथेच नमूद करतो. आत एक ब्रश, एक वही, काही बिल्ले आणि एक कार्ड होते : काही घेतलेत तर काही ठेवा, वहीत नाव लिहा. पुरावा म्हणून मी कार्ड घेतले. परंतु दुसऱ्याची वस्तू फुकट उचलणे ही चोरी, म्हणून खिशात होत्या त्या तीन लालभडक बिया डब्यात ठेवल्या. माझ्या मुलीने त्या परदेशातून आणल्या होत्या आणि त्या सकाळी मी शेजाऱ्यांना देणार होतो. वहीत पूर्ण नाव, हुद्दा आणि पत्ता लिहिला. घरी येऊन वन कार्यालयाला दोन पानांची तक्रार धाडली.

पाचव्या दिवशी बाई दारात उभ्या. बूट झाडून झाल्यावर त्यांनी एक पारदर्शक पाकीट पुढे धरले.

"दातारसाहेब, या आपल्या?"

"हो. का?"

"कुठून आल्या?"

"मुलीनं आणल्या. विमानानं."

"विमानतळावर सांगितलं होतं तिनं?"

मी पाकिटातल्या बिया मोजल्या. तीनच होत्या.

"अच्छा. अजून आहेत?"

बाल्कनीतल्या कुंडीत चार कोंब चांगले वर आले होते. मी आवाज चढवला. "बाई, आपल्याकडे नोटीस आहे का? कोणत्या कलमाखाली विचारता आपण?"

"कलम तुम्हीच शोधा, तुम्हाला लवकर सापडेल. मी रिटायर झालेय. माझ्याकडे फक्त विनंती आहे."

कलम सापडले. दुसऱ्या दिवशी मी कुंडी मातीसकट त्यांच्या खोलीवर पोहोचवली. योग्य जागी नेऊन नष्ट करण्यासाठी ती बांधता बांधता त्या म्हणाल्या, "लाजू नका. रानभर ती विलायती किकर दिसते ना, आपली वेडी बाभूळ? तीही कुणीतरी हिरवळ हवी म्हणूनच आणली होती. परमेश्वर हेतू बघतो. कीड हेतू बघत नाही."

मोबाइलवर ठिकाणाचे अक्षांश-रेखांश पाहून लपवलेला डबा हुडकण्याचा हा खेळ, जिओकॅशिंग, मला तेव्हा कळला. बाईंनी असे पाच डबे ठेवले होते. होते, असेच म्हणावे लागते. कारण माझ्या पत्रावर आयुष्यात प्रथमच तत्काळ कारवाई होऊन पहारेकऱ्यांनी पाचही डबे उचलले होते. बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला सोपे गेले असते. डॉक्टरांनी त्यांच्या हृदयाची फारशी खात्री दिली नव्हती, तेही त्यांनी त्याच सुरात सांगितले.

"पस्तीस वर्षं मी लोकांच्या बॅगा उघडल्या. शिव्या सगळ्यांनी दिल्या, शिकलं कुणी नाही. या डब्यांकडे लोक आपणहून यायला लागले. मी नसताना ते तिथं असायला हवेत, दातारसाहेब. एवढंच."

मी तक्रार मागे घेण्याचा अर्ज केला. कार्यालयातला बाबू हसला : "बाबूजी, ख़तरा है, ये भी आपने लिखा. ख़तरा नहीं है, ये भी आप लिख रहे हैं. पहले तय कर लीजिए." त्याचा उद्धटपणा मला सहन झाला नाही, पण मुद्दा बरोबर होता. मग मी तिसरे पत्र लिहिले आणि त्यात बियांचा माझा अपराध तपशिलाने मांडला. ज्याने तक्रार केली त्यालाच हे डबे काय शिकवून गेले, हा माझा युक्तिवाद होता. एका वर्षाची परवानगी मिळाली, दोन जबाबदार व्यक्तींच्या सह्यांच्या अटीवर. बाईंच्या सहीखाली मी माझी केली.

डबे परत जागेवर ठेवल्यावर पहिल्याच रविवारी गुरुग्रामहून सात-आठ जण आले, बहुतेक पुण्या-मुंबईची, संगणकाच्या नोकरीतली मुले-मुली. पहिल्या डब्याभोवती बाईंनी गेरूची भुकटी पसरली होती. चार डब्यांत ब्रश आणि एकच ओळ : बूट झाडून पुढे जा. मंडळी शर्यतीत होती. कुणी झाडले नाहीत. पाचव्या डब्यात फक्त घडी घातलेली पांढरी चादर निघाली.

"उभे राहा हिच्यावर," बाई म्हणाल्या.

चादरीवर तांबडी पावले उमटली.

"अरे यार, हे कुठून आलं?"

"पहिल्या डब्यापासून. तुम्ही आणलंत. घाबरू नका, गेरू आहे. गेरू वाढत नाही."

एक मुलगी हळूच म्हणाली, "ब्रश होता ना पण."

"होता. चार वेळा होता."

त्या मुलीने बूट काढून उलटा केला आणि ब्रश मागितला. मी अनेक न्यायालयांत निकाल ऐकले आहेत. त्यांची अंमलबजावणी इतक्या लवकर झालेली क्वचित पाहिली.

थंडी सरण्यापूर्वी साळवेबाई गेल्या. दफनाला विमानतळावरचे काही जुने सहकारी आले होते. पंधरा दिवसांत कार्यालयाचे पत्र आले : एक स्वाक्षरीकर्ती मृत असल्याने परवानगी रद्द का समजू नये, ते कळवावे. मी एका ओळीत उत्तर दिले, रद्द समजू नये, दुसरी स्वाक्षरी महिनाभरात सादर करतो.

ही दुसरी स्वाक्षरी पत्राने मिळत नाही, माणसाकडे जावे लागते. आमच्या वसाहतीत आजवर तीन घरांनी नकार दिला. त्यांपैकी दोघांविरुद्ध मी पूर्वी लिहिलेले आहे, तेव्हा त्यांना दोष देता येत नाही. महिना पुरा व्हायला नऊ दिवस आहेत. उद्या सकाळी चौथ्या घरी जाणार आहे.