मेव्हण्याची चाळीस पावलं

मोताळा तालुक्यात माझ्या मेव्हण्याच्या पावलाइतकं खरं माप दुसरं नव्हतं. मोजणीवाल्याच्या टेपवर लोक शंका घ्यायचे, याच्या पावलावर कधीच नाही. चालणं म्हणजे त्याच्यासाठी मोजणंच. बाजारात कोणी राम राम घातला, तर बोलण्याआधी तो आकडा पुटपुटून पक्का करायचा. माझ्या लग्नाच्या वरातीत नाचतानाही त्याचं मोजणं चालूच होतं. "भाऊजी, तुमचा घोडा बाराशे पावलं चालला," हे त्यानं मला बोहल्यावर सांगितलं.

मग त्याच्या उजव्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली हरभऱ्याएवढं टणक काहीतरी वाढलं. नख वर उचललं गेलं. भोवरी आहे, असं मी ठामपणे सांगितलं आणि महिनाभर बिब्याचे चटके दिले. "मले मारून राह्यले का, भाऊजी?" तो ओरडायचा, आणि दुसऱ्या दिवशी पाय घेऊन पुन्हा हजर.

त्याच दिवसांत मी आणि माझा चुलतभाऊ वेगळे झालो. लिंबाच्या धुऱ्यापासून, म्हणजे बांधापासून, चाळीस पावलं वावर त्याचं, उरलेलं माझं. मेव्हणा माझा, तरी मोजायला त्याला चुलतभावानंच बोलावलं. "पाय टेकत नाही, भाऊजी. थोडं थांबू," तो म्हणाला. मी म्हणालो, "चारचौघांत लंगडू नको, हसतील." दात आवळून तो न लंगडता चालला, पण पाऊल आखूड पडत होतं. मला दिसत होतं.

पुढे चुलतभावानं टेप लावली. तीन पावलं कमी भरली. "जवायासाठी पाय इकला यानं!" तो पारावर सगळ्यांसमोर ओरडला. मेव्हण्यानं माझ्याकडे पाहिलं. अंगठ्याचं मी सांगितलं असतं, तर त्या तीन पावलांतल्या माझ्या तुरीच्या ओळी परत द्याव्या लागल्या असत्या. मी चष्मा पुसत बसलो.

शेवटी बुलढाण्याच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. नखाखाली हाड वाढलं होतं, साधं, कर्करोगाचं नव्हे. बोट बधिर करून, नख काढून त्यांनी ते हाड मुळापासून तासलं. भाजलेली कातडी पाहून विचारलं, "हा उद्योग कोणाचा?"

"माहाच," मेव्हणा म्हणाला.

नवं नख आलं, पाऊल पुन्हा पूर्वीसारखं पडू लागलं. पण त्यानंतर त्याला मोजायला कोणीही बोलावलं नाही.

म्हणून लिहितो. ती तीन पावलं चुलतभावाची आहेत, आणि मेव्हण्याचा अंगठा दुखतो हे मला त्या दिवशी ठाऊक होतं. उद्या हा कागद मी पारावर वाचणार आहे. काल आम्ही दोघं बाजारातून परत येत होतो. मी विचारलं, "किती पावलं झाली रे?"

"कोन मोजते आता, भाऊजी?" तो म्हणाला, आणि माझ्या म्हाताऱ्या चालीशी जुळावं म्हणून पाऊल आखूड टाकू लागला.