तिसरी किल्ली

"एक दाबलं की धाकटी! आणि मी कितव्या नंबरला आहे, ते तरी कळू दे." मोठी सून सासूबाईंचा जाड बटणांचा फोन हातात धरून बैठकीच्या मधोमध उभी होती. ऑफिसची पर्स अजून खांद्यावरच होती.

"तू तीनला," मुलगी म्हणाली. "दोनला बाबा."

"चारला कोण?"

"गॅसवाला."

"उपकार झाले. त्याच्या वर तरी ठेवलंत."

नवऱ्याने वर्तमानपत्र खाली केलं. "अगं, तो काय परीक्षेतला नंबर आहे का?"

"तुम्ही बोलू नका. तुम्ही दोनला आहात."

सासूबाई खिडकीजवळच्या खुर्चीत, समोर वॉकर ओढून बसल्या होत्या. ऐकू येत असूनही न ऐकल्यासारखं करण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता.

भांडणाचं कारण दोन दिवसांपूर्वीचं होतं. मंगळवारी भरदुपारी इमारतीच्या जिन्याखालचे वीजमीटर पेटले. धूर दुसऱ्या मजल्यापर्यंत चढला. घरात सासूबाई एकट्या. त्यांनी एक दाबलं. दोन गल्ल्या पलीकडे शिवणाचं दुकान चालवणारी धाकटी जाऊ गळ्यात टेप, नाकाला ओला कपडा अशी जिना चढून आली. दोन शेजाऱ्यांनी सासूबाईंना खुर्चीसकट गच्चीवर नेलं. कोणाला काही झालं नाही. मोठीला हे सगळं संध्याकाळी घरी आल्यावर कळलं, तेही तळमजल्यावरच्या बाईकडून. "तुमची धाकटी म्हणजे वाघीण हो!" असं ती बाई म्हणाली. मोठीने हसून मान डोलावली. ते हसू जिना चढेपर्यंत कसंबसं टिकलं.

तिला झोंबलं ते वेगळंच होतं. मोठी जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात कामाला होती, आजकालची नाही, एकवीस वर्षांपासून. त्याआधी जिल्हा कचेरीत टायपिस्ट म्हणून लागली, पुराच्या वर्षी तात्पुरती या कक्षात बसवली आणि तिथेच राहिली. राजधानीतून राष्ट्रीय आराखडा यायचा, विटेएवढा जाड. संकट आल्यावर मदत वाटण्यापेक्षा आधीची तयारी महत्त्वाची, प्रत्येक कामाला एक जबाबदार माणूस आणि एक पर्यायी माणूस, असं त्यात लिहिलेलं असायचं. त्या विटेतून आपल्या जिल्ह्यापुरतं काढायचं काम मोठीचं. होड्या कोणाकडे, डॉक्टर कोण, कुठल्या शाळेत माणसं हलवायची. पावसाळ्याआधी ती यादीतल्या चारशेबारा जणांना स्वतः फोन लावायची. तीनदा उचलला नाही की नाव खोडलं. "मोठ्या हुद्द्याचा माणूस काय करायचाय? फोन उचलणारा लिहा," असं ती साहेबालाही तोंडावर सांगायची. ऑफिसात तिला यादीबाई म्हणत, आणि ते तिला आवडायचं.

पुराच्या वर्षीच तिने एक गोष्ट पाहिली होती. साठ-सत्तर माणसं पोरंबाळं घेऊन शाळेच्या दारात भिजत उभी होती, कारण मुख्याध्यापक परगावी लग्नाला गेले होते आणि किल्ली त्यांच्या खिशात. त्यानंतर मोठीने यादीत स्वतःच्या अकलेने एक रकाना वाढवला: दुसरी किल्ली कोणाकडे. दोन वर्षांनी वरून आलेल्या नव्या नमुन्यात तो रकाना छापून आला. सत्कार साहेबाचा झाला. शाल पांघरलेल्या साहेबाकडे बघत मोठीने टाळ्या वाजवल्या आणि घरी येऊन आठवडाभर कोणाशी धड बोलली नाही.

आणि आता घरात हे. फ्रिजवर तिने स्वतः टाइप करून लावलेला कुटुंबाचा आराखडा होता. संकटात प्रथम संपर्क: मोठी सून. लाल अक्षरांत. त्याखाली मुलीने वांग्याच्या आकाराचं चुंबक लावलं होतं.

"हा कागद काय शोभेला आहे?" तिने विचारलं. "आई, तुम्ही मला एक फोनही केला नाहीत."

सासूबाईंना आता ऐकू आलं. "तूच तर सकाळी सांगून गेलीस, आज ऑफिसात रंगीत तालीम आहे, फोन ड्रॉवरमध्ये राहील म्हणून."

"तालीम मंगळवारी. एक नंबर कधीपासून?"

मुलीने नखं बघितली. "दोन वर्षं झाली. आजीने सांगितलं, मी लावून दिला."

"घरातच फितूर!"

"मोठे, त्यात काय एवढं?" सासूबाई म्हणाल्या. "तिला फोन केला की ती 'बोला आई' म्हणते. तुला केला की तू 'कामात आहे, नंतर करते' म्हणतेस. आणि करत नाहीस."

"मी कामात असते म्हणून! तिला काय, पाय मशीनवर आणि कान मोकळे."

असं म्हणताना आपण किती हलकं बोलतोय हे तिला कळत होतं, पण थांबवेना. आठ वर्षं सासूबाई तिच्याकडे होत्या. गोळ्यांचे डबे, गुडघ्याचं तेल, पहाटेचं गरम पाणी, सगळं तिचं. धाकटी रविवारी यायची, तासभर बसायची, केस विंचरून द्यायची, आणि सासूबाई पुढचे चार दिवस त्या वेणीचं कौतुक करायच्या. चार दिवस! मोठी मोजायची.

बेल वाजली. धाकटीच होती. गळ्यात टेप तसाच, हातात कागदाची पुडी.

"आई, वॉकरची बुचं आणली. परवा खुर्ची काढताना एक गेलं ना." ती खाली बसून वॉकरच्या पायाला रबरी बूच बसवायला लागली. मग मान वर न करता म्हणाली, "ताई, तुमच्या दाराचं लॅच जरा अडकतंय. सुताराला दाखवून ठेवा."

"अडकतंय?" नवऱ्याने विचारलं. "मला तर कधी..."

"अडकलं होतं हो," धाकटी घाईने म्हणाली. "म्हणून वेळ लागला."

"नऊ मिनिटं," सासूबाई म्हणाल्या. "धुरात काही दिसेना बाई. मी भिंत धरून सरकत होते आणि ही दाराबाहेरून बोलत होती. घाई नको आई, आता कपाट लागेल, आता स्विच लागेल. खोकत होती, पण गप्प बसली नाही."

मोठीच्या हातातला फोन खाली आला.

लॅच अडकत नव्हतं. बाहेरून किल्ली लावली की लोण्यासारखं उघडायचं. घराच्या किल्ल्या तीन होत्या. एक तिच्याकडे, एक नवऱ्याकडे. सासूबाई राहायला आल्या त्या वर्षी धाकटीने विचारलं होतं, "ताई, एखादी किल्ली माझ्याकडे राहू द्याल का? वेळप्रसंगी." आणि मोठी म्हणाली होती, "तिसरी हरवली गं." आपण घरी नसताना हिने यावं, आपल्या ओट्यावर चहा करावा, आपल्या खुर्चीत बसून सासूबाईंची वेणी घालावी, हे चित्रच तिला सोसवलं नव्हतं. हरवलेली किल्ली पर्सच्या आतल्या कप्प्यात होती. एकदा भाजीवाल्याला सुटे देताना ती खण्णकन रस्त्यावर पडली होती. शेजारी धाकटी उभी होती. किल्लीवरचं 'घर ३' असं मोठीच्या हस्ताक्षरातलं लेबल वाचून तिने ती उचलून दिली होती. काही बोलली नव्हती.

आजही बोलत नव्हती. उलट सगळं लॅचवर ढकलत होती. मोठीच्या अंगाचा तिळपापड झाला. नंबर तिने घेतला, वाघीण ती झाली, आता मोठेपणाही तिनेच घ्यायचा? निदान भांडली असती, सगळ्यांसमोर म्हणाली असती की ताई खोटं बोलल्या, तर मोठीला काहीतरी उलट बोलता आलं असतं.

"नऊ मिनिटं," नवरा स्वतःशीच म्हणाला. "उद्याच सुताराला बोलावतो. आईला काही झालं असतं म्हणजे?"

सगळे दाराकडे बघायला लागले. मोठी मात्र फ्रिजकडे बघत होती. चारशेबारा जणांच्या यादीत एकही कुलूप असं नव्हतं, ज्याच्यापुढे दुसऱ्या किल्लीचा रकाना रिकामा होता.

तिने वांग्याचं चुंबक काढलं, कागद टेबलावर ठेवला आणि पेनाने लाल ओळीवर रेघ मारली. रेघ इतकी दाबून मारली की कागद फाटला. मग वर धाकटीचं नाव लिहिलं, अक्षर जरा बारीकच. खाली 'पर्यायी' म्हणून स्वतःचं. पर्सचा आतला कप्पा उघडून किल्ली काढली आणि बुचांच्या पुडीशेजारी ठेवली.

धाकटीने किल्लीकडे पाहिलं, मग मोठीकडे. "ताई, राहू द्या ना..."

"तू बूच बसव."

"ही कुठे सापडली?" नवऱ्याने विचारलं.

"हरवली नव्हती. मी दिली नव्हती." मोठीचा आवाज ऑफिसातल्यासारखा झाला, चारशेबारा जणांना फोन लावतानाचा. "सुतार नको. लॅच ठीक आहे. तिसरी किल्ली आजपासून हिच्याकडे राहील. फोनमधला एक नंबर आहे तसाच राहील. चहा करायचा तर हिने खुशाल करावा, पण साखरेचा डबा जागेवर ठेवायचा."