गरम मुलखाची दोरी

बाबांना अर्धांगवायूचा झटका आला तो निवृत्तीनंतर, कापूस वेचणीच्या दिवसांत. जीव वाचला, बोलणंही हळूहळू परत आलं, पण उजवा हात खांद्यापासून जड राहिला. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला: रबरी चेंडू दाबायचा, भिंतीवर फेकायचा. बाबांनी थोडे दिवस केला आणि मग चेंडू दिवाणाखाली सरकवून दिला.

"मी काय लेकरू हाओ, चेंडू खेळाले?" म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

मी यवतमाळातच शाळेत शिकवत होते आणि दोन गल्ल्या सोडून राहत होते. संध्याकाळी त्यांच्याकडे जायची, आणि रोज त्यांची पाठच दिसायची. परदेशात, बर्फाच्या मुलखात राहणाऱ्या धाकट्या भावाला मी हे फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "ताई, बाबांना गरी टाकून किती वर्षं झाली?"

गरी म्हणजे गळ. बाबा तहसील कचेरीत कारकून होते. महागावला बदली झाली तेव्हाही आणि कळंबला होते तेव्हाही त्यांचा रविवार नदीकाठीच जायचा. बांबूची काठी, ज्वारीच्या धांड्याचा तरंगता तुकडा आणि तंगूस, म्हणजे नायलॉनची बारीक दोरी. तंगूस घ्यायची तर मला सोबत नेत. दुकानाबाहेर टांगलेली गुंडी ते कधीच घेत नसत. "उन्हानं आतून मेली असते ते," म्हणत आणि आतल्या खोक्यातली मागत. मग हातभर दोरी ओठांमधून ओढून पाहत. बोटांना न लागणारी चीर ओठांना लागते, असं त्यांचं म्हणणं. आईला यातलं काहीच चालत नसे. तिच्या माहेरी कांदालसूणसुद्धा मोजक्या दिवशी. बाबा धरलेली मासळी नदीवरच कोणाला तरी देऊन टाकत, तरी आई त्यांना अंगणातल्या नळावर आंघोळ केल्याशिवाय घरात घेत नसे.

भाऊ सुटीत आला तो कापडी पिशवीत एक लांब, लवचीक काठी घेऊन. सोबत एक जाड पिवळी दोरी. बाबा उठून बसले.

"हे दोरी हाय का सुतळी? मासा हसन हिले पाहून."

"बाबा, यात गळाला वजनच नसते. पिसांची खोटी माशी बांधायची. सगळं वजन या दोरीत. दोरी फेकली की माशी तिच्या मागं जाते." त्यानं काठीवरचा वजनाचा आकडा दाखवला आणि दोरीच्या वेष्टणावरचाही. दोन्ही जुळले नाहीत तर फेक लागत नाही, हे ऐकून बाबांनी चष्मा मागितला.

घरामागच्या मोकळ्या प्लॉटवर शिकवणी सुरू झाली. दोरीच्या टोकाला गळाऐवजी आईच्या विणकामातली लोकर बांधली. बाबांना दोन्ही हातांनी काठी धरावी लागे, उजवा वर, डावा त्याला आधार द्यायला. त्यामुळे एरवी डाव्या हातात राहणारी सैल दोरी सांभाळायला दुसरं माणूस लागायचं. भाऊ होता तोवर तो, मग मी. मी शाळेत असले की बाबा एकटेच काठी घेऊन उभे राहत. एक दिवस दुपारी आले तर आई पदर खोचून बाजूला उभी, हातात पिवळी दोरी.

"कायले पाहून राह्यली?" ती माझ्यावर खेकसली. "मी नाही धरली तर हे पायात गुंतवून पडतीन."

हिवाळाभर बरं चाललं. उन्हाळा लागला तशी दोरी बिघडली. यवतमाळचा उन्हाळा, खोलीचे पत्रे हात लावू देत नसत. दोरी शिजलेल्या शेवईसारखी मऊ पडली, काठीच्या कड्यांना चिकटू लागली. फेकली की समोरच ढीग. बाबांना वाटलं, आपला हातच पुन्हा गेला. दोन दिवस ते काठीला शिवले नाहीत.

मी भावाला विचारलं. त्यानं तिकडच्या दुकानात चौकशी केली आणि हसत फोन केला. चूक दोरीची नव्हती, मुलखाची होती. ती थंड पाण्यासाठी बनवलेली. उष्ण देशांसाठी वेगळी मिळते, आतला धागा कडक, वरचं आवरण उन्हात न वितळणारं. ती त्यानं एका ओळखीच्या माणसाबरोबर पाठवली. सोबत निगा कशी राखायची ते फोनवर सांगितलं, आणि ते ऐकायला आईनं फोन स्वतःकडे घेतला. कोमट पाण्यात साध्या साबणाचे थोडे थेंब, मऊ कापडातून ओढायची, सावलीत वाळवायची, सैल मोठी वेटोळी घालायची. डास पळवायचं मलम लावलेल्या हातानं शिवायची नाही. स्कूटरच्या डिक्कीत, पेट्रोलच्या वासात ठेवायची नाही.

"एवढं तर मी तुम्हा दोघांचंही नाही केलं," ती भावाला म्हणाली. पण जुन्या सुती लुगड्याचा तुकडा त्याच दिवशी काढला. दोरी धुवायला वेगळी बादली ठेवली, स्वयंपाकघरापासून लांब.

नव्या दोरीची खोड थंडीत कळली. गारठ्यात ती ताठ होई आणि वेटोळी सुटत नसत. मग सकाळी अंगणात बाबा एक टोक धरत, आई पदर हाताला गुंडाळून दुसरं. दोघं मागं मागं सरकत दोरी ताणत.

"ओढा ना जरा! जेवले नाही काय?"

"तू कमी ओढ वो, मी पडून जाईन."

लग्नाला इतकी वर्षं झालेली ती दोघं अशी एकमेकांसमोर उभी राहून हसताना मी तोवर पाहिली नव्हती.

पुढच्या जानेवारीत बेंबळा धरणाच्या मागच्या पाण्यावर गेलो. आईनं भाकर, झुणका आणि ठेचा बांधून घेतला. "मी दोरी धरीन, पाण्याकडे पाहीन नाही," असं आधीच बजावलं. खरंच ती पाण्याकडे पाठ करून उभी राहिली. बाबांनी फेकायला सुरुवात केली. बऱ्याच फेका वाया गेल्या. मग काठावरच्या गवताशी माशी पडली आणि पाणी एकदम फाटलं. मरळ होती.

काठी वाकली. बाबांचे दोन्ही हात तिच्यातच अडकलेले. आईच्या मुठीतून दोरी सर्रकन पळाली.

"सोडू काय? अहो, सोडू काय?"

"नको सोडू! जाऊ दे थोडी... आता धर!"

आई वळली. चपला चिखलात रुतल्या, पदर पाण्यात गेला, तरी तिनं दोरी सोडली नाही. बाबा सांगत, ती देई आणि ओढी. शेवटी उथळ पाण्यात मासा दिसला, काळपट, जाडजूड. आई ओणवी होऊन पाहत राहिली.

"कसा वटारून पाहून राह्यला पाहा ना," ती हळूच म्हणाली. "सोडा त्याले."

बाबांनी गळ काढला तो उजव्या हातानं. मला वाटतं, त्यांच्या ते लक्षातही आलं नाही. मासा क्षणभर तिथंच थांबला आणि निघून गेला. आईच्या तळहातावर दोरीचा लाल वळ उठला होता. भाकर खाताना ती तो सारखा पाहत होती.

संध्याकाळी भावाला फोन आईनंच लावला. "हाताएवढा होता रे!" बोलता बोलता तो मांडीएवढा झाला.

"एवढा नव्हता वो," मागून बाबा म्हणाले.

"तुमी काठीकडे पाहत होते, तुमाले काय माहीत?"

बाबांचा हात पूर्ण सुधारला नाही, पण शर्टाची बटणं लावण्याइतका आला. पुढचे काही हिवाळे ती दोघं जात राहिली. मग एका उन्हाळ्यात बाबा झोपेतच गेले.

आई आता माझ्याकडे राहते. मासळी तिला अजूनही चालत नाही. पण बेंबळ्याच्या रस्त्यानं एसटीनं जायचं असलं, तर पाण्याकडच्या खिडकीची जागा ती मला देत नाही.