बोललेला कोंबडा

मी गाव सोडलं तेव्हा निरोप द्यायला दोघं आली होती, आई आणि तिच्या काखेतला कोंबडा. त्याला तेव्हा नुकता तुरा फुटत होता. काशीदजवळच्या आमच्या वाडीतून न्हावा शेव्याच्या कंटेनर यार्डात नोकरीला निघालो होतो. अर्ध्या दिवसाचा प्रवास, पण आई मी दुबईला चालल्यासारखी रडत होती.

एस्टीचा कंडक्टर म्हणाला, "मावशी, तो पन येतोय काय? तिकीट पडंल त्याचं."

आईनं माझा हात कोंबड्याच्या पाठीवर ठेवला. "ह्याला देवाला बोललंय. तू पर्मनंट झालास की तुझ्याच हातानं राखण द्यायची."

राखण म्हणजे पोराबाळांवर लक्ष ठेवणाऱ्या गावदेवाला दिलेला कोंबडा. असा बोललेला कोंबडा विकायचा नाही, पाहुण्यांसाठी कापायचा नाही. हे त्यालाही कळलं असावं, कारण लवकरच त्याचा माज अंगणात मावेनासा झाला.

वर्षभरात मी पर्मनंट झालो, पण रजा मिळेना. अर्ज दिला की नेमकं जहाज लागायचं आणि सुपरवायझर डबल शिफ्ट लावायचा. इकडे मी कंटेनर मोजतोय, तिकडे हा तलंगांच्या मागे. तलंगा म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्या. त्यानं त्यांच्या पाठीची पिसं उपटून काढली. बिचाऱ्या भीतीनं खुराड्याबाहेर येईनात, दाणा खाईनात.

मी कॅन्टीनमध्ये व्हिडिओ बघून फोनवर शहाणपण शिकवलं, "आये, तलंगा वेगळ्या ठेव. त्याला म्हाताऱ्या कोंबड्यांत सोड."

"व्हय? मंग तूच ये ना राखायला."

शेवटी चार दिवस रजा मिळाली. अंगणात पाऊल टाकलं आणि बघतच राहिलो. तीन तलंगा माझ्या शाळेच्या शर्टाचे तुकडे पाठीवर बांधून फिरत होत्या. एकीच्या पाठीवर तर खिसा होता. कोंबडा बांबूच्या डालग्याखाली कोंडलेला. सकाळी तो आणि म्हाताऱ्या कोंबड्या बाहेर, दुपारनंतर तलंगा. आईनंही शिफ्ट लावल्या होत्या! मला हसू आलं आणि लाजही वाटली. माझ्या एका रजेपायी केवढा हा खटाटोप.

म्हटलं, आजच राखण देऊन टाकू. आई म्हणाली, "आज सोमवार हाय." दुसऱ्या दिवशी तिची कंबर धरली. तिसऱ्या दिवशी देवाचा पुजारी बाहेरगावी, असं तिनं सांगितलं. संध्याकाळी तोच पुजारी नाक्यावर चहा पिताना दिसला.

चौथ्या दिवशी एस्टीची वाट बघताना मी चिडून विचारलं, "आये, तुला राखण द्यायची हाय का न्हाय?"

ती रस्त्याकडे बघत म्हणाली, "दिली की तुला हिकडं काय काम ऱ्हायलं?"

तेवढ्यात एस्टी आली. आत बसल्यावर डोळे भरून आले.

तुमच्यापैकी जे गावी आहेत आणि जे माझ्यासारखे बाहेर पडले, त्यांना म्हणून सांगतो. माझं घर आता त्या डालग्याखाली आहे. फोनवर मी आधी कोंबड्याची तब्येत विचारतो. आणि ज्या देवाला तो द्यायचा, त्याच देवाला रोज हात जोडून सांगतो, बाबा, ह्याला भरपूर आयुष्य दे.