जिनाच्या चिमणीचे नाना

नाना कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीवर टकटक करायचे आणि घरमालकाच्या तोंडावर निकाल द्यायचे, "पोकळ शे." माझ्या वास्तुशांतीलासुद्धा, भर पंगतीत! असा राग आला होता म्हणून सांगू! पण बोलणार काय? शिरपूरकडच्या आमच्या गावात बांधकामातलं त्यांच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माझा त्यांच्यावर जीवही होता.

कापसातली सरकी काढायच्या जुन्या कारखान्यात, जिनात, ते बॉयलरवर होते. जिन बंद पडलं, यंत्रं भंगारात गेली, उरली ती विटांची उंच चिमणी. तिच्याकडे बोट करून म्हणायचे, "हाई शे म्हणीसन गाव शे."

पंचायतीला तिथे दुकानांचे गाळे हवे होते. चिमणी वाचवायची तर सरकारच्या वारसा यादीत तिची नोंद व्हायला हवी होती. त्यासाठी नानांनी धुळ्याला खेटे घातले. कधी साहेब रजेवर, कधी अर्जाचा नमुना बदललेला, कधी आधीचा अर्जच सापडेना. "सोमवारले परत बलायेल शे," म्हणत घरी यायचे आणि सोमवारी पहिल्या एसटीने पुन्हा जायचे. ऐकून माझंच डोकं फिरायचं.

शेवटी पाहणीचं पत्र आलं. साहेबांना घेऊन यायला नाना आदल्या दिवशीच धुळ्याला गेले आणि इकडे आमच्या अंगात आलं. साहेब येणार म्हटलं की रंगरंगोटी करायची, ही आमच्याकडची रीतच! मी तेव्हा उपसरपंच. गवंडी लावून विटांच्या सांध्यांत सिमेंट भरलं, शिडी पोचेल तिथवर लाल ऑइलपेंट मारला. वर पिवळ्या अक्षरांत 'सुस्वागतम्'. ती अक्षरं मी स्वतः काढली, मोठ्या हौसेने.

जीपमधून उतरून नाना नुसते बघत राहिले. साहेब वैतागले. "मूळ बांधकामच झाकून टाकलंत, आता नोंदवू काय? कुणाचं हे डोकं?"

मी बोटं रुमालाला पुसायला लागलो. नानांनी रंगाने माखलेल्या माझ्या बोटांकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "मीच सांगेल व्हतं, साहेब. गावले काही म्हनू नका."

चिमणी पाडली. गाळे झाले, त्यातले निम्मे अजून बंदच आहेत. नाना गेल्या वर्षी गेले.

परवा धुळ्याला गेलो तेव्हा हट्टाने ती फाइल काढायला लावली. आत शेरा होता, 'अर्जदाराने मूळ बांधकाम विद्रूप केले.' अर्जदार म्हणजे नाना! ज्या माणसाने त्या चिमणीवर कुणाला साधं पोस्टर चिकटवू दिलं नाही, तो!

"हे आधी खोडा," मी क्लार्कवर खेकसलो.

"अर्जदाराने स्वतः येऊन दुरुस्तीचा अर्ज द्यावा लागतो."

"अहो, ते वारले! आणि रंग मी दिला होता, मी! ते गावातसुद्धा नव्हते!"

क्लार्कने मान वर केली. "पाहणीच्या वेळी तुम्ही होतात तिथे?"

"होतो की. त्यांच्या शेजारीच उभा होतो."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"