एका सशाचं सीरम

माझी पीएचडी एका पांढऱ्या सशात अडकली होती. ससा कधीच गेला होता. त्याच्या रक्तातून काढलेलं सीरम तेवढं आमच्या जळगावच्या लॅबमधल्या फ्रीजरात उरलं होतं. ते पुरलं तर मी धुळ्याला घरी, नाहीतर इथेच भाड्याच्या खोलीत. घरी नवरा, सासरे आणि सातवीतली मुलगी. सोमवारी पहाटेची एसटी धरायची, शनिवारी परतायचं, आणि रविवारी कपडे धुऊन पुन्हा बॅग भरायची.

माझा विषय केळीवरचा हरण्या रोग. त्याच्या विषाणूचं प्रोटीन पानात आहे की नाही हे ओळखायला अँटिबॉडी लागते. आम्ही ते प्रोटीन सशाला टोचलं आणि त्याच्या अंगात त्याविरुद्ध अँटिबॉडी तयार झाल्या. एकाच जातीच्या नव्हे, नाना तऱ्हेच्या. प्रत्येक अँटिबॉडी त्या प्रोटीनचा वेगळा कोपरा धरणारी. म्हणून त्यांना पॉलिक्लोनल म्हणतात. दुसऱ्या सशाला तेच टोचलं तरी सीरम तसंच निघत नाही. एकाच शेतातली वांगी असली तरी दोन घरचं भरीत कधी एका चवीचं झालंय? ससा बदलला की आधीच्या सगळ्या चाचण्या पुन्हा करायच्या.

प्रबंध द्यायच्या बेतात असताना एका परीक्षकांनी बोट ठेवलं: तुमच्या चाचणीत निरोगी पानालाही रोगाची फिकट पट्टी दिसतेय. बरोबर होतं त्यांचं. टोचलेल्या प्रोटीनबरोबर केळीची थोडी प्रोटीनंही सशात गेली होती. यावरचा उपाय जुना आहे. सीरममध्ये निरोगी पानाचा रस मिसळायचा. केळीला धरणाऱ्या अँटिबॉडी त्याला चिकटतात आणि गाळात बसतात. वर उरतं ते फक्त विषाणूला धरणारं.

लॅबमधली टिश्यू कल्चरची, खात्रीने निरोगी असलेली रोपं मे महिन्यात वीज जाऊन करपली होती. म्हणून मी यावलच्या ओळखीच्या बागायतदार नानांना म्हटलं, एकही डाग नसलेलं पान द्या. नाना सगळी बाग फिरले आणि सगळ्यात देखण्या झाडाचं पान काढून दिलं. पाहुण्याला उणं देऊ नये, असा त्यांचा नेम. पान हिरवंगार, तुकतुकीत. "थोडं थोडं करू नका, बॅच बदलली की निकाल बदलतो," माझे गाईड सर म्हणाले. "सगळं सीरम एकदमच करून टाका." मी केलं.

मग चाचणी लावली. निरोगी पान कोरं आलं, छान. रोगट पानही कोरं आलं. काहीतरी घालायचं राहिलं असेल म्हणून पुन्हा लावली, पुन्हा कोरी. शेवटी नानांच्या पानाचा उरलेला तुकडा पीसीआरवर तपासला, तर त्यात विषाणू होता. झाड आजारी होतं, फक्त दिसत नव्हतं. आम्हाला हव्या त्याच अँटिबॉडी ते गाळात घेऊन गेलं होतं.

आधी का नाही तपासलं, हे आता सगळेच विचारतात. इतकं देखणं पान पाहून तेव्हा कोणालाच सुचलं नाही, सरांनाही नाही. मला संताप आला. नानांवर चिडावं, तर त्यांना बागेत रोग असल्याचं कळवलं तेव्हा ते माझीच समजूत काढत बसले. सर म्हणाले, "नवा ससा घेऊ." म्हणजे परवानगी, टोचण्या, रक्त, आणि सगळं पहिल्यापासून. आणखी वर्ष तरी. सोडून द्यावं तर इतकी वर्षं पाण्यात. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. कोंडल्यासारखं झालं होतं.

संध्याकाळी घरी फोन केला. सासरे, आमचे आबा, सगळं ऐकून अहिराणीत म्हणाले, "आते बस व्हयनं, बेटा. घर ये." मी पुन्हा नव्या सशाचं आणि आणखी एका वर्षाचंच सांगत राहिले. त्यांनी फोन मुलीकडे दिला. ती रडेल म्हणून मी तिच्यासाठी समजुतीची वाक्यं जुळवून ठेवली होती. ती रडली नाही.

"म्हणजे पुढच्या वर्षीपण तू तिकडेच?"

"हो गं."



"मग तुझ्या कपाटात मी माझी पुस्तकं लावू का? रिकामंच असतं ते."

"लाव," मी म्हटलं.