झडीआडचं ऊन

आज सकाळी आमच्या बोळात वाळल्या गवताची एक गाडी अडकली. बोळ अरुंद, गवत दोन्ही बाजूंच्या भिंतींना घासत होतं. मागे रिक्षा, सायकली आणि दुधाच्या किटल्या खोळंबल्या होत्या आणि गाडीवानासकट सगळे एकाच वेळी एकमेकांची अक्कल काढत होते. कोल्हापुरात वाट मोकळी करायची हीच रीत आहे. आधी भांडण पुरं होतं, मग चाक हलतं. माझा धाकटा भाऊ नेहमीप्रमाणे खिडकीशी बसून हा सोहळा बघत होता. मी चहा घेऊन त्याच्यामागे उभी राहिले आणि त्या गवताचा वास नाकात शिरला. डोंगरउतारावरचं गवत होतं ते, मला न बघताही कळलं. वाळल्या गवताचा वास काय सुंदर असतो, असं लोक म्हणतात. म्हणोत बापडे. मला तो आला की डोळ्यांपुढे अंधार येतो, अगदी खराखुरा अंधार, आणि त्या अंधारात मांडीवर बाळ घेऊन माझी आई बसलेली असते.

आई लग्न होऊन या घरात आली आणि या खिडकीशी रमली. सासर, नवरा, संसार हे सगळं तिला नंतर आवडलं असावं, खिडकी आधी. देवळातली घंटा, गुजरीतल्या सोनारांची ठकठक, तालमीतून परतणाऱ्या पोरांचा दंगा, टांगेवाल्याची शिवी, बांगड्या विकणाऱ्या कासाराची हाळी. भाजी निवडता निवडता ती हे सगळं ऐकायची आणि कुणाच्या घरी पाहुणे आले, कुणाचं बिनसलं, हे जागेवरून न उठता सांगायची. गलबला तिला मिठासारखा लागायचा. तो नसला की जेवण उतरत नसे, असं ती स्वतःच म्हणायची. आणि अशा बाईला नवऱ्यामागून डोंगरात जावं लागलं.

तेव्हा कोल्हापूर संस्थानात महाराजांचं राज्य होतं. आमच्यासारख्या घरांना कचेरीची दारं त्यांनीच उघडली होती, आणि आमच्या घराण्यात लेखणीवर पोट भरणारे बाबा पहिलेच. दरबारच्या जंगल खात्यात कारकून झाले तेव्हा आजोबांनी अख्ख्या बोळाला पेढे वाटले होते. त्यामुळे बदलीचा हुकूम आला तेव्हा 'नको' हा शब्द आमच्या घरात कुणाच्या तोंडून निघणंच शक्य नव्हतं. मलकापूर मागे टाकून आंबा घाटाच्या अंगाला, रानातला हिरडा जिथे तोलून घेत त्या नाक्यावर बाबांची नेमणूक झाली. आई तेव्हा पोटुशी होती. बैलगाडीत ती तोंड मागे करून बसली होती, कोल्हापूर दिसेनासं झालं तरी तशीच. मी तिच्या पदराशी खेळत होते. मला डोंगर बघायची घाई होती.

डोंगर सुंदर होता, खोटं कशाला बोलू? करवंदं होती, खाली दरीत ढग उतरायचे, आणि मला शाळा नव्हती. पण आईचा जीव तिथे घुसमटायचा. वाडी म्हणजे उतारावर विखुरलेली घरं, एका घरातून दुसऱ्या घरात बोलायचं तर ओरडावं लागे. उरलेला सगळा वेळ शांतता. आईला ती शांतता ऐकू यायची आणि त्रास द्यायची. "इथं काही होतच नाही," ती बाबांना म्हणायची. आमच्या घराला एकच खिडकी, पूर्वेकडे. त्या खिडकीतून मलकापूरकडे उतरणारी वाट दिसायची. आई तिथेच बसू लागली. वाटेवरून दिवसाकाठी एखादी म्हैस जाई, तर आई तिचीही चौकशी करायची.

शेजारी एक विधवा बाई राहायची. चाळिशीची, रापलेली, आवाज असा की तिची कुजबुज नाक्यापर्यंत ऐकू जावी. आई तिला आक्का म्हणायची. आक्का पहिल्याच दिवशी चुलीला लाकडं घेऊन आली, आईला खालून वर न्याहाळलं आणि म्हणाली, "बाईसाब, ह्या पायानं तुमी आमच्या डोंगरात टिकायच्या न्हाईसा. पर आलाईसा, तर बगू." आईला राग आला, आणि हसूही आलं. कोल्हापूर सोडल्यापासून तिच्याशी एवढ्या मोठ्याने कुणी बोललं नव्हतं.

मग रोहिणी नक्षत्राच्या तोंडावर वाडीतली माणसं गवताचे भारे घेऊन आमच्या दारात आली. त्या भागात घरांच्या भिंती मातीच्या, आणि पाऊस आडवा. म्हणून पावसाआधी प्रत्येक घराला बाहेरून चारी बाजूंनी गवताचा जाड पडदा बांधतात, वळचणीपासून पार जमिनीपर्यंत. त्याला झड म्हणतात. वाडीतले सगळे मिळून एकेका घराची झड बांधत, आणि ती दसऱ्याला सुटायची, त्याआधी नाही. ज्याने मध्येच झड मोडली, त्याच्या घराला पुढच्या साली वाडी हात लावत नसे. हे कुठे लिहिलेलं नव्हतं आणि कुणी मोडतही नव्हतं. माणसांनी दार सोडलं, तेही पडवीपुढे झड टांगून, वाकून जाता येईल एवढंच. मग ती खिडकीकडे वळली. "एवढी राहू द्या," आई म्हणाली, "पाऊस पश्चिमेचा, ही पूर्वेला आहे." एक म्हातारा हसला. "कोल्लापूरचं पावणं हाय म्हणून वारा काय दिशा इचारून येतोय व्हय?" त्यांनी गवत रचलं, बांबूच्या कामट्या लावल्या, दोरानं आवळलं. आई आतून बघत होती. उजेडाची चौकट पट्टीपट्टीनं भरत गेली आणि भर दुपारी घरात दिवा लावावा लागला.

त्या अंधाराची कल्पना आता कुणाला देता येणार नाही. रात्रीचा अंधार निराळा, त्यात सकाळ होण्याची खात्री असते. हा दिवसाचा अंधार होता, गवताच्या वासाचा, चुलीच्या धुराचा, ओल्या घोंगड्यांचा. बाहेर पावसाचा आवाज इतका की समोरच्या माणसाशीही ओरडूनच बोलावं लागे. गलबल्याला आसुसलेल्या माझ्या आईला गलबला मिळाला तो असा. ती हळूहळू बोलेनाशी झाली. आषाढ निम्मा सरला तेव्हा माझा भाऊ जन्मला. आक्काने सगळं निस्तरलं, बाळाला दिव्यासमोर धरून ओरडली, "ल्योक हाय की गं!" आणि आई कितीतरी दिवसांनी हसली. समईच्या उजेडात बाळ सोन्यासारखं दिसत होतं. आम्हा सगळ्यांनाच ते तसं दिसलं, हीच पुढची सगळी व्यथा.

पाचवी झाली आणि आईनं एकच धोशा लावला: बाळाला कोवळं ऊन दाखवायला हवं. आमच्याकडे कोल्हापूरच्या या खिडकीत बाळांना सकाळच्या उन्हात उघडं धरायची रीत होती. मलाही तसंच धरलं होतं. बाळंतिणीनं आणि तान्ह्यानं त्या वाऱ्यापावसात बाहेर पडायचं तर प्रश्नच नव्हता. "खिडकीपुरती झड काढा," ती बाबांना म्हणायची, "थोडा वेळच. ते दूध ओढत नाही, नुसतं झोपतं. मला त्याचं तोंड उजेडात बघायचंय." बाबा फेटा चढवून नाक्यावर निघत. एकदा मात्र म्हणाले, "वाडीचा रिवाज कारकुनाच्याच घरात मोडला, तर उद्या नाक्यावर माझं कोण ऐकणार? नोकरी गेली तर कोणत्या तोंडानं परत जायचं?" आक्काही ऐकेना. "झड म्हंजी घराचं घोंगडं, बाईसाब. दसऱ्याबिगर उतरत न्हाय. आमची पोरं न्हाईत का जगली ह्याच अंदारात?" दोघंही वाईट नव्हती. बाबांच्या पाठीवर सगळ्या घराण्याचा पेढ्यांचा पुडा होता आणि आक्काच्या पाठीमागे सगळी वाडी. आईच्या बाजूला फक्त एक झोपाळू बाळ होतं.

श्रावण लागला आणि एके सकाळी पावसाचा आवाज एकाएकी थांबला. कानाला ते इतकं विचित्र वाटलं की मी झोपेतून उठून बसले. झडीच्या एका बारीक फटीतून उन्हाची काडी आत आली होती आणि आई बाळाला घेऊन भिंतीशी बसून त्याचा पाय त्या काडीत धरायची धडपड करत होती. तळपायावर तांदळाएवढा उजेड पडत होता. बाबा नाक्यावर गेले होते. आक्का सारवायला आली, दारात वाकली ती तशीच थबकली. ती बराच वेळ आईकडे बघत राहिली. मग बाहेर गेली, आणि खिडकीच्या बाजूने कोयत्याचा आवाज आला. खसकन गवत तुटलं, सुपाएवढं भोक पडलं आणि सगळं ऊन एकदम आत कोसळलं.

आईनं बाळाचं फडकं बाजूला केलं. सोनं कुठलं? ते पिवळं होतं. कपाळ, छाती, डोळ्यांतला पांढरा भागसुद्धा. आक्काने भोकातून हात आत घालून त्याच्या नाकाच्या शेंड्यावर बोट दाबलं आणि तिचा तो मोठा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "हळदीगत झालंय की गं पोरी. दिव्याच्या उजेडात कळंनाच झालतं." दिव्याखाली आम्ही सगळेच पिवळे दिसत होतो, मग त्याचं वेगळं पिवळेपण कुणाला दिसणार? आईनं किंकाळी फोडली नाही. तिनं बाळाला उघडं करून त्या उन्हात धरलं आणि ऊन सरेपर्यंत हात खाली घेतले नाहीत.

तो सगळा श्रावण आई उन्हाच्या मागे होती. आक्काने आपलं इरलं, म्हणजे पावसात शेतात काम करताना डोक्यापाठीवर घ्यायची बांबूची आणि पानांची टोपली, त्या भोकावर टेकवून दिलं. पाऊस आला की इरलं लावायचं, उघडीप झाली की काढायचं आणि बाळाला कवडशात धरायचं. आक्का मात्र भातात भांगलणीला, तण काढायला, नुसतं घोंगडं घेऊन जायची आणि ओलीचिंब होऊन यायची. "माझी कातडी म्हशीची हाय," एवढंच म्हणायची. वाडी रागानं फुगली होती. बाबा रात्री जेवताना त्या भोकाकडे पाठ करून बसत. हळूहळू पिवळेपण उतरलं, बाळ दूध ओढू लागलं, आणि एके दिवशी तो पहिल्यांदा हसला म्हणून आईनं माझ्यासकट साऱ्या घराला उठवलं. दसऱ्याला झड सुटली तेव्हा तिचं बाळ जिवंत होतं. आम्हाला वाटलं, सुटलो.

पुढच्या साली वाडीनं सगळ्या घरांच्या झडी बांधल्या, आमचीसुद्धा. कारकुनाला वगळण्याची हिंमत कुणाला नव्हती. वगळली ती आक्का. तिच्या दारात एकही भारा आला नाही. आक्का स्वतःच गवत तोडून आणू लागली. तेव्हा माझ्या आईनं, जिला त्या झडीचा वाससुद्धा सहन होत नसे, पदर खोचला आणि जाऊन गवताचे पाचुंदे रचायला लागली. संध्याकाळी बाबा आले. त्यांनी फेटा उतरवून दगडावर ठेवला आणि दोर ओढू लागले. बाबांची ती क्षमायाचना होती असं मला वाटतं, कारण दुसरी कुठली मी कधी ऐकली नाही. झड इतकी वाईट बांधली गेली की पहिल्याच वाऱ्यात लोंबली. दुसऱ्या दिवशी उठून बघतो तो वाडीतली माणसं तिच्या गाठी नव्याने आवळत होती.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात बाबांची बदली परत कोल्हापुरात झाली. निघताना आक्का म्हणाली, "टिकलीस की गं!" आणि तोंड फिरवून घरात गेली. ती पुन्हा भेटली नाही. आई या घरात आली ती थेट खिडकीशी, भावाला कडेवर घेऊन. त्याला आपला सगळा गाव ऐकवायची तिला केवढी हौस! खाली तालमीची पोरं हलगी वाजवत चालली होती. खिडकीची तावदानं थरथरत होती. भाऊ मात्र उन्हात उडणाऱ्या धुळीकडे बघत होता. आईनं त्याच्या कानाशी टाळी वाजवली. मग ताट आपटलं. तो वळला नाही. डोंगरात पावसाच्या आवाजात सगळे ओरडूनच बोलत, हातवारे करत, उन्हाळ्यातही ती सवय सुटत नसे, आणि तो हातवाऱ्यांना हसायचा. अंधारानं एक गोष्ट आमच्यापासून लपवली होती, पावसानं दुसरी.

पुढे दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, लहानपणच्या त्या काविळीनं झालं असेल, किंवा जन्मतःच असेल, सांगता येत नाही. सांगता येत नाही, या तीन शब्दांवर आईनं उरलेलं आयुष्य काढलं. गलबला मिळाला, पण तो एकटीनं ऐकणं तिला नकोसं झालं. दर श्रावणात, ऊन पडलं की, ती हातातलं काम थांबवून विचारायची, "थोडं आधी उघडलं असतं तर?" बाबा घरात असले तर उठून बाहेर जायचे. मला त्या दोघांचाही राग यायचा आणि दोघांचीही कणव यायची. अजूनही दोन्ही येतं. आता ती दोघं नाहीत, डोंगरातल्या त्या वाटेनं मोटारी जातात आणि विचारणारं कुणी उरलं नाही. पण परवा श्रावणातल्या उन्हात कपडे वाळत घालताना तेच वाक्य मी मोठ्यानं बोलले, अगदी आईच्या आवाजात, आणि स्वतःच दचकले.

बोळातलं भांडण एकदाचं मिटलं. गाडी हलली, भिंतींवर गवताच्या काड्या चिकटून राहिल्या. भावानं मागे वळून माझ्याकडे पाहिलं, माझं तोंड बघून काहीतरी ओळखलं असावं. तो सरकला, खिडकीतल्या उन्हात माझ्यासाठी जागा केली आणि हातानं खुणावलं, बस. मी बसले. खिडकी लावून घ्यावी, वास आत येतोय, असं मनात आलं होतं. पण ही खिडकी त्यानं जन्मात कधी लावू दिलेली नाही.